सातबाऱ्यावर नसलेला रकाना : कळवण, कॅलिफोर्निया आणि फवारणीच्या नोंदीचा इतिहास

१/२१
कळवण तालुक्यातील एखाद्या गटाचा सातबारा उघडला, तर जमीन कोणाची, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, या हंगामात कांदा आहे की मका, पाणी विहिरीचे की कालव्याचे, हे सारे कळते. त्या पिकावर कोणते कीडनाशक, किती आणि कोणत्या दिवशी फवारले गेले, हे मात्र त्यावर कोठेही लिहिलेले नसते. जमिनीच्या नोंदी ठेवण्याची परंपरा शतकांची असलेल्या महाराष्ट्रात हा एकच रकाना का नाही? आणि जगात तो जेथे आहे, तेथे त्याने कोणाचे रक्षण केले? हा धागा त्या नोंदीच्या इतिहासाचा.

२/२१
आधी भूगोल. कळवण म्हणजे ‘कसमादे’ पट्ट्यातील ‘क’ : कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. गिरणा नदी याच डोंगराळ मुलखातून खाली उतरते, चणकापूरचे धरण तिच्यावरच आहे आणि सप्तशृंगगडही याच तालुक्यात येतो. पश्चिमेकडे कोकणा, भिल्ल, महादेव कोळी वस्त्यांचा भाग आणि नागली, वरई, भाताची पावसावरची शेती. पूर्वेकडे कांदा, डाळिंब, द्राक्ष आणि भाजीपाला. पेठ, सुरगाणा आणि कळवणच्या आदिवासी पाड्यांवरून अनेक कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. पुष्कळदा लहान मुलेही सोबत असतात.

३/२१
या पट्ट्यात कीडनाशकाला बोलीत ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारले का?’, ‘औषधाचे दुकान’, ‘औषधाचा पंप’. दवाखान्यातील गोळीलाही तोच शब्द आहे. वृत्तपत्रांना मग फरक दाखवण्यासाठी ‘विषारी औषध’ असा विचित्र जोडशब्द वापरावा लागतो. परंतु महाराष्ट्राच्या खेड्यांत ही रसायने मोठ्या प्रमाणावर प्रथम आली, ती खरोखरच सार्वजनिक आरोग्याचे साधन म्हणून. त्यामुळे फवारणीच्या नोंदीची कथाही शेतापासून सुरू होत नाही. ती घराच्या भिंतीपासून सुरू होते.

४/२१
स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे ८ लाख माणसे त्याने दगावत. मुंबई इलाख्यात १९४६ पासून डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली धारवाड व कारवार भागांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे मोठे प्रयोग झाले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली. पाळण्यातली मुले वाचली. त्या पिढीच्या मनात फवारणीवाल्यांविषयी कृतज्ञता होती, आणि ती अस्थानी नव्हती.

५/२१
या मोहिमेत एक बारीकशी शिस्त होती. फवारणी पथक काम संपल्यावर घराच्या भिंतीवर ठसा उमटवी : पथक कोणते, तारीख कोणती, किती खोल्या फवारल्या, किती राहिल्या. वरिष्ठ कर्मचारी नंतर येऊन तो ठसा वाचून काम तपासत. म्हणजे कीडनाशक कोठे, केव्हा आणि कोणी वापरले, याची जागच्या जागी आणि घरातील माणसांना दिसेल अशी नोंद होत असे. घर ज्याचे, त्याच्याच डोळ्यांसमोर ती राही. पुढच्या दशकांत कीडनाशके शेतात गेली. हा ठसा त्यांच्याबरोबर गेला नाही.

६/२१
शेतीतील कीडनाशकांसाठी कायदा का झाला? त्यामागे एक दुर्घटना होती. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या अतिविषारी कीडनाशकाने दूषित झालेला गहू खाऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली. धान्य आणि विष यांची वाहतूक व साठवण एकत्र झाली होती. केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे तज्ज्ञ समितीच्या शिफारशी आल्या आणि १९६८ मध्ये कीटकनाशक अधिनियम संमत झाला. त्याचे नियम १९७१ मध्ये लागू झाले.

७/२१
डब्यावरील लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण ही याच नियमांची देणगी. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, हिरवा म्हणजे त्यांतला सर्वांत सौम्य. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे मिळावेत, रिकामे डबे पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने नष्ट करावेत, अशाही तरतुदी नियमांत आहेत. अधिनियमाच्या कलम २६ नुसार कीडनाशकाच्या विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचे बंधन राज्य सरकार अधिसूचना काढून घालू शकते. कागदावर पाहता हा कायदा दुबळा नव्हता.

८/२१
परंतु कायदा ज्या घटनेतून जन्मतो, तिचा ठसा त्यावर राहतो. केरळची दुर्घटना वाहतूक आणि साठवणुकीची होती. म्हणून कायद्याने रसायनाची नोंदणी मागितली, कारखान्याला परवाना लावला, विक्रेत्याकडून साठ्याची नोंदवही आणि बिल मागितले. डबा दुकानाच्या पायरीवरून खाली उतरला, की सरकारी नोंद थांबते. तो कोणत्या गटात उघडला गेला, दुसऱ्या कोणत्या डब्यात मिसळला गेला, शेजारी शाळा होती की विहीर, हे लिहून ठेवण्याची सक्ती सर्वसाधारण शेतकऱ्यावर नाही आणि ते गोळा करणारी यंत्रणाही नाही.

९/२१
मग नाशिक जिल्ह्यात फवारणीची वही आली कशी? ती युरोपातून आली. २००३ च्या हंगामात भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीडनाशकांचे अंश आढळल्याचा इशारा युरोपीय संघाने दिला. निर्यात धोक्यात आली. त्याच सुमारास ‘अपेडा’ने द्राक्षांसाठी कीडनाशक अंश तपासणीचा आराखडा लागू केला. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा त्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा ठरली. २००६ मध्ये ही सारी साखळी संगणकावर आणणारी ‘ग्रेपनेट’ ही प्रणाली सुरू झाली.

१०/२१
ग्रेपनेटचे काम असे चालते. निर्यात करू इच्छिणाऱ्या बागायतदाराला आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवावा लागतो. त्याला क्रमांक मिळतो. कोणती रसायने चालतील आणि शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी थांबवावी, याची यादी ठरलेली असते. फवारणीची नोंद ठेवावी लागते. प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. अंश मर्यादेपेक्षा अधिक निघाला, तर त्या प्लॉटविरुद्ध इशारा निघतो आणि त्याची निर्यात थांबते. रॉटरडॅममधील पेटीवरून नाशिकमधील प्लॉटपर्यंत उलटा माग काढता येतो.

११/२१
या व्यवस्थेची परीक्षा २०१० मध्ये झाली. युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागायतदार याला ‘सीसीसी’ म्हणतात. वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरले जाई. भारतात तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हते, म्हणून येथे सारे काही ठीक दिसत होते. माल तिकडे अडकला आणि नाशिकच्या बागायतदारांना व निर्यातदारांना जबर फटका बसला. त्यानंतर हे रसायन यादीत आले. जे यादीत नाही ते नोंदवहीला दिसत नाही, हा धडा नाशिकने मोठी किंमत मोजून घेतला.

१२/२१
डाळिंबासाठीही पुढे ‘अनारनेट’ ही अशीच प्रणाली आली. कसमादेच्या डाळिंबबागा तेल्या रोगाने मोडकळीस आणल्या. रोग वाढला, की फवारण्याही वाढतात. कळवणमध्ये आज स्थिती अशी असू शकते : निर्यातीसाठी नोंदलेल्या एका प्लॉटचा क्रमांक, फवारणी आणि प्रयोगशाळेचा निकाल सारे संगणकावर; बांधापलीकडच्या कांद्याची, टोमॅटोची, किंवा नाशिक-मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या द्राक्षांची तशी कोणतीही सक्तीची नोंद नाही. वारा मात्र बांध पाहून वाहत नाही.

१३/२१
आता विदर्भाकडे वळावे लागते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर रुग्णालयात दाखल होऊ लागले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, पंपात दोन-तीन रसायने एकत्र मिसळली जात होती, आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. किमान २० माणसे दगावली, शेकडो बाधित झाली. रुग्ण जुलै-ऑगस्टपासून येत होते. राज्याला खडबडून जाग आली ती ऑक्टोबर उजाडल्यावर.

१४/२१
सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरमध्ये पाच कीडनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली. राज्याला या कायद्याखाली तात्पुरती बंदीच घालता येते. त्या पाच नावांत एक होते ॲसिफेट : २००३ मध्ये युरोपच्या इशाऱ्यात आलेले तेच रसायन. द्राक्षाच्या घडातील त्याचा सूक्ष्म अंश परदेशी प्रयोगशाळेने टिपला होता आणि त्यातून एक अख्खी नोंदव्यवस्था उभी राहिली. पंप पाठीवर घेणाऱ्या माणसासाठी मात्र १४ वर्षांनंतरही तशी व्यवस्था नव्हती.

१५/२१
मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीडनाशके मज्जातंतूंचे संदेश थांबवणारे कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. कीटकातही आणि माणसातही. मूल वजनाच्या मानाने अधिक हवा, पाणी आणि अन्न घेते. हात तोंडात घालते. त्याचा मेंदू घडत असतो. आईबापांच्या कपड्यांवरून रसायन घरात येते. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील गंडामण येथे शाळेच्या माध्यान्ह भोजनाने २३ मुलांचा बळी घेतला. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते. अशी तीव्र विषबाधा निदान दिसते. थोडी थोडी, वर्षानुवर्षे होणारी बाधा नोंदीशिवाय दिसतच नाही.

१६/२१
ती दिसावी यासाठी काय लागते, हे कॅलिफोर्नियाने दाखवले. १९९० पासून तेथे शेतीतील प्रत्येक कीडनाशक फवारणीची नोंद सक्तीची आहे. कोणते उत्पादन, किती, कोणत्या पिकावर, किती एकरांत, कोणत्या तारखेला आणि सुमारे एक चौरस मैलाच्या कोणत्या चौकटीत, हे दर महिन्याला तालुकावजा ‘काउंटी’च्या कृषी आयुक्ताकडे कळवायचे. ही माहिती जनतेला खुली असते. त्याआधी धोक्याचे गणित करताना सगळ्याच क्षेत्रावर कमाल मात्रा फवारली गेली असे धरावे लागे. खरी नोंद आल्यावर अंदाजाची जागा आकड्यांनी घेतली. काटकसरीने फवारणाऱ्या शेतकऱ्यालाही तिचा आधार मिळाला.

१७/२१
त्याच राज्यातील सलिनास खोऱ्यात लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीची शेती आहे. मजूर बहुतांशी मेक्सिकन वंशाचे. १९९९ च्या सुमारास बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांच्या गटाने तेथील गर्भवती स्त्रिया आणि पुढे त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. नाव ‘चमाकोस’, मेक्सिकन बोलीत ‘पोरे’. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गर्भावस्थेत ऑर्गॅनोफॉस्फेटचा सर्वाधिक संपर्क आलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी संपर्क आलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ७ गुणांनी कमी होता. २०१७ मध्ये याच गटाने सरकारी फवारणी-नोंदी आणि घरांचे अंतर जुळवूनही असाच संबंध दाखवला.

१८/२१
नोंदीमुळे धोरण लगेच बदलले, असे मात्र नव्हे. क्लोरपायरिफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट कॅलिफोर्नियाच्या शेतांतून जवळजवळ पूर्णपणे हद्दपार व्हायला २०२० साल उजाडले. शाळा आणि पाळणाघरांपासून पाव मैलाच्या आत सोमवार ते शुक्रवार, सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेत ठरावीक प्रकारच्या फवारण्या करू नयेत, हा नियम २०१८ मध्ये आला. नोंदी सुरू झाल्यापासून २८ वर्षांनी. नोंद स्वतः कोणाला वाचवत नाही. परंतु तिच्या आधारे पालक, डॉक्टर आणि न्यायालये प्रश्न विचारू शकतात.

१९/२१
भारतातही याचा पुरावा आहे. केरळातील कासरगोडमध्ये काजूच्या सरकारी बागांवर अनेक वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. कोणते रसायन, कोणी आणि कोठे फवारले, हे तेथे निश्चित होते. म्हणूनच तेथील शाळकरी मुलांची तपासणी करून तुलना करता आली, पीडितांच्या याद्या करता आल्या आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली. हजारो छोट्या शेतांत, हजारो पंपांतून, दहा प्रकारची द्रव्ये फवारली जातात तेथे हेच दुःख विखुरलेले राहते, आणि विखुरलेल्या दुःखाला खटला उभा करता येत नाही.

२०/२१
शेतकऱ्याची शंका रास्त आहे : आणखी एक वही, आणखी एक निरीक्षक, आणखी एक खेटा. भाव पडलेल्या कांद्याच्या हंगामात हे ओझे त्याच्याच डोक्यावर का? याचे उत्तर अंशतः आधीच तयार आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली. शेतकरी मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र आणि क्षेत्र नोंदवतो आणि ते गाव नमुना १२ मध्ये जाते. दुकानातील बिल आधीपासून असतेच. म्हणजे पीक आणि खरेदी या दोन टोकांच्या नोंदी आज आहेत. मधला ‘फवारले काय’ हा दुवा नाही. त्याला ग्रामीण रुग्णालयातील विषबाधेच्या नोंदी जोडल्या, तर यवतमाळची चाहूल ऑगस्टमध्येच लागू शकली असती. मात्र अशा नोंदीचा उपयोग शेतकऱ्याला दंड करण्यासाठी झाला, तर ती पहिल्याच हंगामात खोटी होईल.

२१/२१
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट ठाऊक असते : ज्याची नोंद ठेवली जाते, त्यावरून त्या राज्यसत्तेला काय मोलाचे वाटत होते हे कळते. पेशवे दफ्तरात वसुलीचा पै-पैचा हिशेब सापडतो, कारण राज्य वसुलीवर चाले. १९५० च्या दशकातील भिंतीवरचा ठसा सांगतो, की त्या घरातील मूल राज्याला मोलाचे होते. २००६ ची ग्रेपनेट सांगते, की परदेशी ग्राहक मोलाचा होता. त्यात गैर काही नाही, आणि त्यातून उभे राहिलेले कौशल्य आज नाशिकमध्येच आहे. पुढील शतकातील एखादा अभ्यासक कळवणची दफ्तरे चाळेल, तेव्हा गिरणेकाठच्या शेतांवर कोणत्या वर्षी काय फवारले गेले आणि त्या वर्षी जन्मलेली मुले कशी वाढली, हे त्याला कळेल का? ते आज सातबाऱ्यावर रकाना वाढतो की नाही, यावर अवलंबून आहे.